वाळूचं पोतं आणि आमचे हे

व्यायामाने मन शांत होतं असं ज्याने कोणी पहिल्यांदा म्हटलं, त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा. मला त्याला चार गोष्टी विचारायच्यात. व्यायामाला लागायच्या आधी माझं मन बऱ्यापैकी ठिकाणावर होतं. कटकटी होत्या, नाही असं नाही, पण कुठली कटकट कशाची ते मला ठाऊक असायचं. आता तेही कळेनासं झालंय.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर माझ्याबरोबर तुमचाही गोंधळ व्हायचा. आमच्या ह्यांची डावी बाजू गेली. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत फिरलेला माणूस, उंच इमारतींच्या पोटात दोराला लटकून काम करणारा, आणि एका सकाळी दात घासता घासता बेसिनपाशी कोसळला. वाचा परत आली, सावकाश का होईना. उजवा हात, उजवा पाय धड राहिले. जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार झाली. डॉक्टरांना म्हणाले, "जन्मभर लोकांच्या लिफ्ट चालू केल्या, आता माझीच मधल्या मजल्यावर अडकली." डॉक्टर पोट धरून हसले. मला नाही हसू आलं. ती अडकलेली लिफ्ट रोज पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर मलाच न्यायची होती.

मी कपडे दुरुस्त करते. घरातच, पुढच्या खोलीत, खिडकीपाशी माझं मशीन. पँटची उंची कमी कर, चेन बदल, कुणाची कंबर सैल कर. सगळं बैठं काम. अंगात ताकद म्हणाल तर कात्री चालवण्यापुरती. तरी मी ह्यांना उचलत होते, कशीबशी, देवाचं नाव घेत. मग एकदा चाकांच्या खुर्चीचा ब्रेक लावायचा राहिला, खुर्ची मागे सरकली, आणि आम्ही दोघं फरशीवर. हे खाली, मी वर. शेजारीण येईपर्यंत तसेच पडून होतो. हे म्हणतात कसे, "अगं, लग्न झाल्यापासून इतका वेळ निवांत कधी पडलोच नव्हतो आपण." अशा माणसावर रागवावं तरी कसं?

रागवायचं काम लेकीने केलं. कामावरून तशीच धावत आली आणि दारातूनच सुरू झाली. "आई, तूही मोडून बसलीस तर मी कुणाकडे बघू? बाबांकडे की तुझ्याकडे?" तिने एक केअर सेंटर बघून ठेवलं होतं. चांगलं होतं म्हणे. खोलीला मोठी खिडकी, बाहेर बाग, उचलायला दोन दोन धट्टीकट्टी माणसं. मी म्हटलं, माझ्या जिवात जीव असेपर्यंत हे कुठे जाणार नाहीत. ती म्हणाली, "जिवात जीव आहे गं तुझ्या, दंडात नाही." पोर माझी, जीभ बापाची.

बरीच रडारड होऊन शेवटी एक ठरलं. ह्यांना तपासायला ज्या नर्सबाई घरी येतात, त्या उन्हाळा सरला की येऊन बघतील. मी एकटीने, कुणाचा हात न लागता, ह्यांना पलंगावरून खुर्चीत आणि परत पलंगावर नीट नेलं, तर हे घरी राहतील. नाही जमलं तर बागेचं ते घर. लेकीला पटलं, नर्सबाईंना पटलं, मलाही पटलं. ह्यांना काय वाटतं ते मात्र कुणी विचारलं नाही. हे पलंगावर पडून छताकडे बघत होते.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक छापखाना आहे, त्याच्या तळघरात व्यायामशाळा. वर यंत्र धडधडतं आणि खाली वजनं आपटतात, त्यामुळे कोण कुणाला त्रास देतंय ते त्यांचं त्यांनाच कळत नाही. चालवणारे मास्तर शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त झाले तरी शिट्टी गळ्यात तशीच. मी साडी खोचून पायऱ्या उतरले तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस हसणार. हसले नाहीत ते. त्याहून वाईट केलं. प्रवचन दिलं.

"ताई, वजन बाहेर नसतं. वजन आपल्या आत असतं."

"मास्तर, आमचं वजन घरी पलंगावर पडलंय आणि चहा मागतंय. तेवढं उचलायला शिकवा, बाकी माझं मी बघते."

पण ते कुठले ऐकतायत! प्रत्येक व्यायामाला त्यांच्याकडे एक अध्यात्म. खाली बसलात की नम्रता. उठलात की श्रद्धा. हात थरथरले की अहंकार जळतोय. माझे हात थरथरायचे ते सकाळपासून नुसत्या चहावर असायचे म्हणून. एकदा मी वजनाचा लोखंडी बार धरून वाकले होते, घाम डोळ्यांत गेलेला, आणि मास्तर कानाशी येऊन म्हणाले, "ताई, उचलणारा कोण, ते शोधा." मी म्हटलं, "शोधलं, मास्तर. मीच होते. दुसरं कुणी पुढे आलं नाही."

तिथे एक दातांच्या डॉक्टरीणबाई यायच्या, माझ्याच वयाच्या. त्यांनाही म्हणे तिथे काहीतरी मिळायचं. "दिवसभर लोकांचे वासलेले जबडे बघते हो. इथे आले की आत सगळं गप्प होतं." मी रोज वाट बघायची, माझ्या आत कधी गप्प होतंय. माझ्या आत एक कंबर ओरडायची आणि दोन गुडघे तिला साथ द्यायचे. मला वाटायला लागलं की देव मला टाळतोय. किंवा मी चुकीच्या तळघरात आलेय.

मास्तरांचं एक मात्र कबूल केलं पाहिजे, प्रवचनं सोडली तर शिकवत चांगलं. थोड्या दिवसांनी तेच म्हणाले की बार उचलणं वेगळं आणि माणूस उचलणं वेगळं. बारला कंबर नसते. तेव्हा मी घरी येऊन जाड ताडपत्री काढली आणि माणूस शिवला. धड, दोन पाय, दोन हात, दुहेरी शिवण. वर ह्यांची कामाची जुनी पँट चढवली, आणि मास्तरांनी आत वाळू भरून दिली. डॉक्टरीणबाईंनी त्याचं बारसंच केलं. "दुसरे मिस्टर." मी आले की ओरडायच्या, "आलात का? तुमचे दुसरे मिस्टर केव्हाचे वाट बघतायत!"

दुसरे मिस्टर उचलणं म्हणजे काय, ते ज्याने उचललं त्यालाच कळावं. तुम्ही उजवीकडे सावरावं तर हे डावीकडे ढासळणार. पोटाशी धरावं तर मधूनच घसरणार. त्याला पडायची भीती नाही, उठायची हौस नाही. "मेल्या, जरा तरी सरळ राहा की," म्हणून मी किती वेळा त्याला शिव्या दिल्या असतील. पण त्यानेच मला शिकवलं. पाठ ताठ. बूड खाली. छातीशी घट्ट. श्वास धरून पायांनी उठायचं, हातांनी नाही.

घरी ह्यांना उचलणं त्यामानाने सोपं होत गेलं, कारण हे मदत करायचे. मी काखेतून हात घातले की उजवा पाय जमिनीवर रोवून असा काही रेटा द्यायचे की निम्मं काम तिथेच व्हायचं. वर सल्ले. "थोडं डावीकडे. हां. आता वर घे. लिफ्टवाल्याच्या बायकोला शोभतेस." खुर्चीत बसले की विचारायचे, "आज काय ज्ञान दिलं मास्तरांनी?" मी मास्तरांची नक्कल करून दाखवायची. दोघं हसायचो.

आणि मग ते झालं. कसं सांगू? एके सकाळी मी पोत्याला मिठी मारली, श्वास धरला, उठले. आणि उभी असताना आत काहीच नव्हतं. वरचं यंत्र नव्हतं, कंबर नव्हती, शिवायच्या पँटी नव्हत्या, लेक नव्हती. भीती नव्हती. नुसतं उभं असणं होतं. मी पोतं खाली ठेवलं तेव्हा मास्तर काहीतरी बोलत होते आणि मला त्यांचे फक्त ओठ हलताना दिसत होते. घरी येताना मी गुणगुणत होते, जुनंच काहीतरी, शब्दसुद्धा धड आठवत नव्हते. पायऱ्या चढले, कुलपात किल्ली घातली, आणि आतून ह्यांचा खोकला ऐकू आला.

तेव्हा लक्षात आलं की मधल्या वेळात हेही नव्हते. ज्या माणसासाठी मी घाम गाळत होते, तो माणूस माझ्या मनातून साफ पुसला गेला होता. आणि मला त्याने छान वाटलं होतं. किल्ली हातात धरून मी दारातच उभी. हीच का ती शांती, जिचे लोक एवढे गोडवे गातात? का नवऱ्याचा कंटाळा आलेल्या बाईची ही पळवाट?

दुसऱ्या दिवशी मास्तरांना गाठलं. सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आता सांगा. ह्याला देव म्हणायचं की स्वार्थ?"

मास्तरांनी शिट्टी गळ्यातून काढली. मग हळूच म्हणाले, "ताई, खरं सांगू का? मला तसं कधी झालेलंच नाही. मी आपलं ऐकलेलं सांगतो."

कप्पाळ! म्हणजे रस्ता दाखवणाराच त्या गावाला गेलेला नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मिळतंय तर घ्या की गुपचूप. कशाला कोरत बसता?" दिवसभर दात कोरणाऱ्या बाईने हे सांगावं!

मी घेत गेले. खोटं कशाला बोलू, मला चटक लागली. रोज व्हायचं नाही ते, पण व्हायचं. मी लवकर निघायला लागले, जरा उशिरा परतायला लागले. येताना गुणगुणणं आणि दाराशी आलं की तोंड सरळ करून आत. ह्यांना ते सांगावं असं वाटायचं, पण काय सांगणार? की मी तुम्हाला विसरायला जाते आणि मला बरं वाटतं? मास्तरांच्या नकला करायच्या बंद झाल्या. हेही गप्प गप्प राहायला लागले. मला वाटलं, उकाड्याने असेल.

ठरल्या दिवशी नर्सबाई आल्या. खांद्याला पिशवी, पायात पांढरे बूट, चेहरा असा की ना इकडे ना तिकडे. लेक दारात उभी, नखं तोंडात. मी मात्र निर्धास्त होते. गेले कित्येक दिवस मी ह्यांना अलगद उचलत होते. खुर्ची जवळ घेतली, ब्रेक दोनदा तपासला, ह्यांना पलंगाच्या कडेला बसवलं, पाय जमिनीवर टेकवले. काखेतून हात घातले, आणि उठले.

हे उठलेच नाहीत. माझ्या हातांतून खाली घसरले आणि पलंगावर आडवे झाले.

"घाई नाही," नर्सबाई म्हणाल्या. "दम घ्या, पुन्हा करा."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. लेक म्हणाली, "आई, पुरे गं," आणि तिने पुन्हा नखं तोंडात घातली. काय होतंय? माझी ताकद कुठे गेली? नर्सबाईंसमोर भीती वाटली म्हणावं, तर भीती वाटत नव्हती. तिसऱ्यांदा हात घातले आणि मग माझ्या हातांनाच ते कळलं. उजवीकडे सावरलं की डावीकडे ढासळतंय. पोटाशी घेतलं की मधून घसरतंय. हे माझ्या ओळखीचं होतं. हे रोजचे आमचे हे नव्हते, हे तळघरातले दुसरे मिस्टर होते. आजारी डावा पाय सैल होता तो होताच, पण उजवा पायसुद्धा ह्यांनी सोडून दिला होता. मुद्दाम.

असा संताप आला म्हणता! म्हटलं, वाळू व्हायचंय का? व्हा वाळू. वाळू मला उचलता येते. बूड खाली नेलं, ह्यांना छातीशी आवळलं, श्वास धरला आणि उठले. सगळं वजन घेऊन उठले. पलंग सुटला. नर्सबाईंची मान हलली. लेकीची नखं तोंडातून बाहेर आली. आता नुसतं वळायचं आणि खुर्चीत ठेवायचं, की जिंकलं.

वळताना ह्यांचा चेहरा अगदी माझ्या चेहऱ्याजवळ आला. डोळे गच्च मिटलेले. दातांवर दात. कपाळाची शीर टरारलेली. जड होऊन राहायला ह्यांना माझ्याइतकेच कष्ट पडत होते. पोत्याला कधी असे कष्ट पडलेले मी पाहिले नव्हते. मला पुढे पाऊल टाकवेना. मी ह्यांना परत पलंगाच्या कडेला बसवलं, हळू, आणि समोर जमिनीवर बसले.

"नाही जमलं का?" नर्सबाई म्हणाल्या.

"जमलं होतं," मी म्हटलं. "ह्यांनाच विचारा काय चाललंय ते. मुद्दाम करताय ना हो?"

ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग सावकाश, एकेक शब्द काढत म्हणाले, "पोरगी म्हणते, तिथली बाग चांगली आहे."

"बाग गेली खड्ड्यात! खरं कारण सांगा."

"तू गुणगुणत येतेस." ह्यांनी डोळे उघडले. "जिन्यापासून ऐकू येतं मला. दाराला किल्ली लागली की बंद होतं. रोज."

माझा हात कमरेला खोचलेल्या किल्लीवर गेला.

"मी इथे पडून तेच ऐकत असतो," हे म्हणाले. "म्हटलं, हे दार नसेल तर तुझं गाणं तरी पुरं होईल."

"अहो, तुम्हाला उचलता यावं म्हणून जाते मी तिथे!"

"आधी त्यासाठी जायचीस," हे म्हणाले. रागाने नाही. तेच तर वाईट होतं.

नर्सबाई आपल्या बुटांकडे बघत होत्या. मला खोटं बोलता आलं असतं, आणि खोटं बोलले असते तर सगळ्यांची सोय झाली असती. पण इतके दिवस आत साठलेलं सगळं एकदम घशाशी आलं.

"हो," मी म्हटलं. "आता माझ्यासाठी जाते. तिथे मला तुमची आठवण येत नाही. कधी कधी तर अजिबात येत नाही. आणि मला बरं वाटतं. झालं समाधान?"

"आई!" लेक म्हणाली.

"तू गप्प बस. मग दाराशी आले की तुम्ही आठवता, आणि मला वाटतं मी कुठूनतरी चोरी करून आलेय. म्हणून बंद होतं ते गाणं. हे चांगलं की वाईट, मला माहीत नाही. मास्तरांना नाही माहीत, त्या डॉक्टरीणबाईंना नाही माहीत. माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. पण तुम्ही नसलात तर मी गुणगुणत येऊ कुठे? ह्या रिकाम्या पलंगाला गाणं ऐकवू?"

मी रडत होते आणि मला त्याचाही राग येत होता. नाक पदराला पुसलं.

"आत्ता तुम्हाला उचललं होतं मी," मी म्हटलं. "कळलं का?"

"कळलं," हे म्हणाले. "घाबरलोच मी."

"तुमची इच्छा असो नसो, खुर्चीत नेऊन ठेवलं असतं. नाही नेणार. तुम्हाला त्या बागेत खरंच जायचं असेल तर तसं तोंडाने सांगा. मी स्वतः तुमचे कपडे भरते, शिवून, इस्त्री करून. पण माझ्यावर उपकार म्हणून जाणार असाल, तर तो उपकार मला नको आहे. मला तुम्ही हवे आहात. एवढं एकच मला नक्की माहीत आहे. बाकी सगळा गोंधळ."

ह्यांनी लेकीकडे बघितलं, मग खुर्चीकडे, मग माझ्याकडे. मी विचारलं, "राहायचंय का?" ह्यांनी नजर खाली पायांकडे नेली. मला कळेना, उठावं का बसून राहावं. शेवटी गुडघ्यांवर सरकत पुढे गेले, काखेतून हात घातले, आणि थांबले. उचललं नाही. नुसती धरून राहिले. ह्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

थोड्या वेळाने माझ्या पायाशेजारी काहीतरी सरकलं. ह्यांनी उजवा पाय मागे ओढून घेतला, टाच जमिनीवर रोवली आणि रेटा दिला.

आम्ही उठलो, वळलो, आणि हे खुर्चीत बसले. लेक भिंतीला टेकून रडत होती. नर्सबाईंनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, "छान. आता परत पलंगावर घ्या, म्हणजे झालं."

"थांबा हो बाई," हे म्हणाले. "हिला जरा दम खाऊ द्या. मग येतो आम्ही."